धुरा आला, आता गिळा

चंद्रपूरला एमआरआयच्या मशीनवर काम करून मला एकोणीस वर्षं झाली. या कामात मी चांगली आहे. हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कोणी सांगायला येत नाही. रिपोर्टखाली डॉक्टरांची सही असते, चित्र काढणारीचं नाव कुठंच नसतं. पण चित्रच धड निघालं नाही तर सही करणारा त्यातून काय कपाळ वाचणार? टेबलावर आडव्या झालेल्या माणसाच्या पायाच्या अंगठ्याकडे बघून मी सांगते, हा किती वेळ गप्प पडून राहील. अंगठा छताकडे ताठ असला तर फार तर पाच मिनिटं. अंगठा बाहेरच्या बाजूला कलंडला की समजायचं, आता हा घोरणार.

गेल्या वर्षी मात्र एका कामानं माझी ही सगळी ऐट उतरवली. काम होतं मानेतल्या नसांचं, म्हणजे मेंदूकडे रक्त नेणाऱ्या त्या दोन मोठ्या धमन्यांचं. आणि त्यातली एक नस माझ्या थोरल्या बहिणीची होती.

तिला मी बाई म्हणते. कुरखेड्याजवळच्या एका गावात ती नांदते, धानाची शेती करते, आणि रोवण्याच्या दिवसांत बायकांच्या ओळीत गाणं तिचं असतं. ज्यांनी रोवणा बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते. चिखल केलेल्या शेताच्या तुकड्याला आम्ही बांधी म्हणतो आणि तिच्या कडेच्या बांधाला धुरा. दहा-बारा बायका एका ओळीत कमरेत वाकतात आणि धानाची रोपं लावत लावत मागं सरकत जातात. धुरा आला की सगळ्या एकदम कंबर सरळ करतात, पाणी पितात, कोणाची तरी टर उडवतात आणि पुढच्या बांधीत उतरतात. बाईचं गाणं तिचं स्वतःचं आहे. त्यात आमच्या सगळ्या बांध्यांची नावं एकामागून एक येतात, आंब्याची, टेकरावरची, मोहाची, बोडीची म्हणजे छोट्या तळ्याकाठची, आणि प्रत्येक बांधीला कोणाची तरी खोडी जोडलेली असते. दरवर्षी खोड्या बदलतात, बांध्यांचा क्रम बदलत नाही.

आषाढात एका दुपारी तिच्या जावेचा फोन आला. ती हसत होती.

"आज बाईचं गाणंच अटकलं," ती म्हणाली. "मोहाची बांधी झाली, बोडीची म्हणाले तोंड उघडलं, अन् शब्दच नाई. नुसतीच पाहून राह्यली आमच्याकडं. आम्ही हासलो तं ते बी हासली. मंग दहा मिनिटांनी गाडी लायनीवर आली."

मी हसले नाही. आमच्या आईचं असंच झालं होतं. मी आठ वर्षांची होते, बाई चौदाची. विहिरीवर बोलता बोलता आईचा शब्द अडकला, भोवतालच्या बायका हसल्या, थोड्या वेळानं ती बोलायला लागली आणि सगळे विसरले. पंधरा दिवसांनी ती अंगणात पडली. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. त्यानंतर ती अकरा वर्षं जगली आणि त्या अकरा वर्षांत तिच्याजवळ एकच शब्द उरला होता, 'हौ'. भूक लागली तरी हौ, रागावली तरी हौ, नको असलं तरी हौ. बाईनं शाळा सोडली आणि आईचं करायला बसली. मी मात्र शिकले, आधी वडशाला, मग नागपूरला. विहारातल्या वंदनेला मी नवीन फ्रॉक घालून जायचे आणि बाई घरी आईची पाठ पुसत असायची. तेव्हा मला यात काही वेगळं वाटलं नाही, हे कबूल केलेलं बरं.

दुसऱ्याच दिवशी मी गावी गेले आणि बाईला जवळजवळ ओढून गडचिरोलीला नेलं. डॉक्टर चांगले होते. त्यांनी सगळं विचारलं, मानेची सोनोग्राफी केली, गोळ्या लिहून दिल्या आणि खर्रा बंद करा म्हणून बजावलं. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून केलेला ऐवज. आमच्या चंद्रपूर-गडचिरोली दोन्ही जिल्ह्यांत तो बाया-माणसांच्या गालात सकाळपासून मुक्कामाला असतो. सोनोग्राफीत असं दिसलं की रक्त नीट वाहतं आहे, नस फारशी अरुंद झालेली नाही. डॉक्टरांनी पुढंही बरंच समजावलं, पण बाईनं एवढंच ऐकलं. आठ दिवस गोळ्या खाल्ल्या आणि बंद केल्या.

"मशीन म्हणते ठीक हाय," ती फोनवर म्हणाली. "मंग गोळी कायले खाऊ?"

"डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून."

"त्याईले काय, ते तं सांगतच राह्यते. माहा रोवणा अर्धा व्हायचा हाय. ठेव आता."

मी फोनवर तिला नाही नाही ते बोलले. तिनं मुकाट ऐकून घेतलं आणि विचारलं, "जेवली का तू?" असल्या माणसाशी भांडण तरी कसं करायचं.

योगायोग असा की त्याच दिवसांत आमच्या मशीनवर एक संशोधनाचं काम सुरू झालं होतं. नागपूरचे एक सर ते बघायचे. आठवड्यातून दोन दिवस दुपारी तीननंतर, नेहमीचे पेशंट संपले की, मशीन त्यांचं. सरांचं म्हणणं मला पहिल्याच दिवशी पटलं, कारण आईच्या आजारानं ते मला आधीच शिकवलं होतं. नस किती अरुंद झाली हे सगळे बघतात. पण नसेची भिंत कशी आहे, हे जिवंत माणसात बघणं कठीण. भिंतीत चरबी साचली आणि भिंत बाहेरच्या बाजूला फुगली, तर आतला रस्ता मोकळाच दिसतो. मग एक दिवस तीच भिंत आतून फाटते आणि एखादी गुठळी मेंदूकडे निघून जाते.

सरांना ती भिंत डिफ्यूजननं बघायची होती. यात मशीन पाण्याची हालचाल मोजतं. शरीरात सगळीकडे पाणी आहे आणि त्याचे कण सतत इकडेतिकडे सरकत असतात. पण त्यांना सगळ्या बाजूंनी सारखं सरकता येत नाही. धागे ज्या दिशेनं आहेत तिकडे सोपं जातं, धाग्यांना आडवं जायचं तर अडतं. धडधाकट नसेच्या भिंतीत धागे गोल फिरलेले असतात, आमच्याकडे बुरूड टोपली विणताना बांबूच्या कामट्या फिरवतो तसे. त्यामुळे पाणीही गोल गोल सरकतं. चरबी साचली की तिथं वीणच उरत नाही आणि पाणी जागच्या जागी घुटमळतं. मशीन हा फरक टिपू शकतं. सुईनं टोचायचं नाही, काही कापायचं नाही. फक्त पेशंटनं हलायचं नाही.

आणि तिथंच सगळं अडलं. नसेची ती भिंत जेमतेम एक मिलिमीटर जाड असते. नाडीचा ठोका पडला की ती हलते. त्यावर उपाय होता, बोटाला चिमटा लावून दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात चित्र घ्यायचं. पण माणूस आवंढा गिळतो त्यावर उपाय नव्हता. एकदा गिळलं की गळ्याची घाटी वर जाऊन खाली येते, नस तिच्याबरोबर सरकते आणि चित्राचा चिखल होतो. पहिली चाचणी मी माझ्याच मानेवर घेतली. सरांच्या विद्यार्थ्याला मशीनवर बसवलं, स्वतः मानेभोवती बसणाऱ्या मशीनच्या पिंजऱ्यात मान अडकवली आणि सात मिनिटं एकदाही न गिळता पडून राहिले. चित्र सुरेख आलं, नसेची बारीक गोल भिंत सलग. सर म्हणाले, "वा." मला वाटलं, झालं काम.

मग गावाकडची माणसं यायला लागली. त्यांनी तोंडचं पाणी पळवलं. एटापल्लीकडून एक आजा आला होता. आयुष्य जंगलात काढलेलं, सत्तरीत पोट सपाट. आदल्या दिवशी आम्ही सगळ्यांना सांगून ठेवायचो की काही खाऊन-पिऊन येऊ नका. आजा खरोखर निरंकार पोटी आला होता, चहासुद्धा घेतला नव्हता. मी माइकवरून सांगितलं, "आजा, हलायचं नाही आणि गिळायचं नाही." चित्र आलं ते असं की नस कुठली आणि घाटी कुठली कळेना. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. बाहेर आल्यावर आजानं गालातला खर्रा शांतपणे एका बाजूनं दुसऱ्या बाजूला नेला.

"आजा, काही खायचं नाही म्हटलं होतं ना?"

"काई खाल्लंच नाई बाई," आजा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर जराही खोटेपणा नव्हता. खर्रा हे खाणं नव्हतंच त्याच्या लेखी. ते नुसतं तोंडात असणं होतं.

त्या दिवसापासून मी प्रत्येकाचं तोंड उघडून बघायला लागले. चुळा भरायला लावल्या, तासभर बाकावर बसवून ठेवलं. तरी लोक गिळतच राहिले. तोंड रिकामं असलं तरी सवयीनं लाळ सुटायची. मी माइकवरून ओरडायचे, गिळू नका, आणि पडद्यावर घाटी उडी मारायची. महिनाभर हेच चाललं. शेवटी सर म्हणाले, "इथं जमत नसेल तर आपण ही माणसं सोडून देऊ. शहरातली घेऊ, नागपूरला करू." ते अगदी सौम्यपणे बोलले, पण मला झोंबलं. माझ्या मशीनवर जमत नाही असं मला कोणी म्हटलेलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्याहून मोठी भीती वेगळी होती. बाईची भिंत मला बघायची होती. हे काम चंद्रपुरातून गेलं असतं तर बाई काही नागपूरला जाणार नव्हती. ती चंद्रपूरला येईल याचीच खात्री नव्हती.

मी तिला फोन केला आणि एक युक्ती केली. ती पेशंट म्हणून येणार नाही हे मला माहीत होतं. माझं काम अडलंय म्हटल्यावर मात्र ती येणारच.

"बाई, माझ्या कामाला माणसं कमी पडतायत. गावाकडची, पन्नाशीच्या पुढची. तू येशील का?"

"तुहं काम अटकलं का?"

"हो."

"मंग पोळा झाला की येतो म्हणजो तुह्या सायबाले."

यात खोटं काही नव्हतं. तरी फोन ठेवल्यावर मला थोडं ओशाळल्यासारखं झालं. सरांना मी आधीच सांगून टाकलं की ही माझी बहीण आहे आणि तिला काय झालं होतं. ते म्हणाले, असेच लोक आपल्याला हवे आहेत, फक्त कागद विद्यार्थी वाचून दाखवेल, तू नको.

पोळ्यानंतरच्या आठवड्यात बाई आली. पहाटेची बस, वडशाला बदलून दुसरी. जोडवी, मंगळसूत्र, केसातल्या पिना सगळं काढून रुमालात बांधलं. विद्यार्थ्यानं कागद वाचून दाखवला. त्यात एक कलम होतं, की तपासणीत काळजी करण्यासारखं काही दिसलं तर दवाखान्याच्या डॉक्टरांना कळवलं जाईल आणि ते तुम्हाला सांगतील. बाईनं ते दोनदा वाचायला लावलं, मग सही केली. तिची सही अजून शाळेतल्या मुलीसारखी आहे, प्रत्येक अक्षर वेगळं.

टेबलावर आडवी झाली तेव्हा तिचे दोन्ही अंगठे ताठ उभे होते. मी दिवसभर लोकांचे अंगठे बघते, पण त्या दोन अंगठ्यांकडे मला बघवेना.

पहिलं चित्र फुकट गेलं. दुसरंही. तिसऱ्या वेळी मी आत गेले, टेबल बाहेर घेतलं आणि म्हटलं, "आ कर." दाढेमागं खर्रा होता.

माझा पारा जो चढला! "सगळ्यांना सांगून सांगून माझा घसा बसला आणि माझ्याच घरचं माणूस असं करतं? डॉक्टरांनी काय सांगितलं होतं तुला?"

"पहाटपासून पाणी बी नाई पेली मी," बाई तेवढ्याच तोऱ्यात म्हणाली. "तुह्या कामासाठी. अन् तू मलेच भेव दाखवून राह्यली?"

मी तिला बाहेर बाकावर नेऊन बसवलं. तिनं थुंकून चुळा भरल्या. मी तिच्या शेजारी बसले. मग तीच म्हणाली.

"खर्रा तं थुकला मी. पण तरी गिळणं होईनच, सांगून ठेवतो. तू गिळू नको म्हणते ना, तवाच लाळ येते. किती वेळ गिळू नको? त्याचा काई धुराच नाई."

"म्हणजे?"

"रोवण्यात कोण्या बाईले म्हण, वाकूनच राहा. दोन मिनिटांत उभी होते का नाई ते पाह्य. काऊन का तिले मालूम नाई कवा उठाचं. धुऱ्यापर्यंत वाक म्हटलं तं कोणीच मधात उठत नाई. तुह्या मशीनले धुरा दे."

मी तशीच उठले. एकोणीस वर्षं मी लोकांना हलू नका, गिळू नका, खोकू नका सांगत आले होते. कुठपर्यंत, ते कधीच सांगितलं नव्हतं. सात मिनिटांच्या त्या सलग मोजणीचे मी तुकडे केले, प्रत्येक तुकडा पाऊण मिनिटाच्या आतला. सर बघत होते. ते म्हणाले, असं केलं तर एकूण वेळ वाढेल. मी म्हटलं, वाढू द्या, महिनाभर वाया गेला तो कुठं धरला आपण? बाईला पुन्हा आत घेतलं आणि माइकवरून म्हटलं, "बाई, ठकठक सुरू झाली की बांधीत उतरलीस. ठकठक थांबली की धुरा आला. धुऱ्यावर पाहिजे तेवढं गिळ. मधात नाही."

"हौ," आतून आवाज आला. आईचा शब्द. मी मोजणी सुरू केली.

पहिला तुकडा स्वच्छ आला. मी म्हटलं, "धुरा आला, आता गिळ." तिनं गिळलं. दुसरा स्वच्छ. तिसरा स्वच्छ. चौथ्या तुकड्याला मी काचेतून पाहिलं तर तिचे अंगठे बाहेरच्या बाजूला कलंडले होते. सरांचा विद्यार्थी माझ्याकडे बघून हसला. मला इतका आनंद झाला होता की बाई तिथं कशासाठी पडली आहे हे मी क्षणभर विसरले. त्यानंतर आम्ही सगळ्यांनाच असं आत घेतलं, एटापल्लीच्या आजालाही परत बोलावलं. माझ्या मशीनवर ते काम जमलं आणि चांगलं जमलं. सरांनी विचारलं, ही पद्धत कुठं वाचलीस. मी सांगितलं, कुरखेड्याला बांधीत.

पण हे पुढचं. त्या दुपारी तुकडे जुळवून नकाशा तयार झाला आणि मी पडद्यावर बाईची डावी नस बघितली. मी डॉक्टर नाही. रिपोर्ट लिहिणं माझं काम नाही आणि ते मी कधी केलेलंही नाही. तरी इतकी वर्षं चित्रं काढून डोळे आंधळे राहत नाहीत. माझ्या स्वतःच्या मानेचं चित्र मला पाठ होतं. बाईच्या भिंतीत, जिथं नस दोन फाट्यांत वाटली जाते तिथं, एका बाजूला जाड डाग होता. वीण नव्हती. पाणी घुटमळत होतं. आतला रस्ता मात्र मोकळा होता, सोनोग्राफीनं सांगितला तसाच. सोनोग्राफी चुकली नव्हती, तिनं रस्ता बघितला होता.

बाई बाहेर जोडवी चढवत होती. काचेतून मला दिसत होती. मी तिला काही सांगितलं नाही. कागदावर जसं लिहिलं होतं तसं मी सरांना सांगितलं आणि सरांनी आमच्या रेडिऑलॉजिस्ट मॅडमना बोलावलं. मॅडम बराच वेळ पडद्यासमोर उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "हे संशोधनाचं चित्र. यावर मी रिपोर्ट देणार नाही. नवीन पद्धत आहे, चूक असू शकते. पण मानेचा नेहमीचा स्कॅन करायला आपल्याला कोणी अडवलंय? आता आहे ना ती इथंच?"

नेहमीच्या स्कॅनमध्येही तो डाग होता. भिंतीत चरबी साचलेली, वरचं आवरण पातळ. ऑपरेशनची गरज नव्हती. पण गोळ्या रोज, जन्मभर आणि खर्रा बंद, त्याच दिवसापासून. मॅडमनी बाईला खुर्चीत बसवलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. मी मागं भिंतीला टेकून उभी राहिले. मॅडमनी आधी एक धडधाकट नस दाखवली. माझी परवानगी घेऊन माझीच दाखवली, नाव मात्र घेतलं नाही. मग तिची.

बाईनं दोन्ही चित्रं पुन्हा पुन्हा बघितली. पडद्यावर बोट टेकवलं, माझ्या गोलावर.

"हे कोणाची?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "माझी."

"तुही चांगली हाय ना?"

"हो."

"मंग झालं," बाई म्हणाली आणि खुर्चीत मागं टेकली. चेहऱ्यावर सुटल्यासारखं समाधान. "आईचं तुह्यात आलं का काय, हेच भेव होतं मले."

मला काय झालं मला कळलं नाही. मी मॅडमसमोर, सरांसमोर तिच्यावर ओरडले. इतकी वर्षं साचलेलं सगळं बाहेर पडलं. "झालं काय? काही झालं नाही! माझी चांगली आहे म्हणून तुझी वाया जाऊ द्यायची? शाळा गेली, तेव्हा मी लहान होते, मला कळत नव्हतं. आता मी लहान नाही. तू पडलीस तर तुझं कोण करणार? मला येत नाही तुझ्यासारखं करता. मला पाठ पुसता येत नाही कोणाची. मला फक्त चित्रं काढता येतात!"

मॅडम उठून पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेल्या, सरही गेले. बाई खाली बघत होती.

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी, मोहाच्या बांधीत. बाकीच्या हासून राह्यल्या होत्या. मी बी हासली. पण मले विहीर दिसून राह्यली होती. आई तशीच उभी होती, घागर कमरेवर. मले मालूम होतं पोरी. म्हणूनच तं गोळी नाई खाल्ली. गोळी खाल्ली का मंग ते खरंच झालं असतं."

मी तिच्या पायाशी जमिनीवर बसले आणि रडले. ती नाही रडली. तिनं ब्लाउजमधून खर्ऱ्याची पन्नी काढली, माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "फेक." मग जरा थांबून, "आजची हाय. ताजी घोटली होती." एवढं दुःख तिच्या आवाजात मी आईच्या वेळीही ऐकलं नव्हतं. मला रडता रडता हसू आलं.

त्या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं. खर्रा सुटला असं ती सांगते. जाऊ सांगते की पोळ्याला एकदा खाल्ला होता, आणि मी जावेवर विश्वास ठेवते. गोळ्यांच्या बाबतीत मात्र मी कोणावरच विश्वास ठेवत नाही. रोज सकाळी सात वाजता, मी कामावर निघायच्या आधी, तिचा फोन येतो. ती गोळी तोंडात टाकते, पाण्याचा घोट घेते, तो घोट मला ऐकू यायला पाहिजे असा माझा नियम आहे. मग तिनं गाणं म्हणायचं. पूर्ण नाही, नुसता बांध्यांचा क्रम. शब्द अडकतो का ते मला बघायचं असतं. तिला हा निव्वळ वेडेपणा वाटतो, पण ती म्हणते.

यंदाचा रोवणा तिनं केला. ओळीत गाणं तिचंच होतं. यंदाची सगळ्यात मोठी खोडी माझ्या नावानं आहे, बहिणीच्या मानेत डोकावणाऱ्या कोण्या बाईची. बायका पोट धरधरून हसतात, जाऊ सांगते.

आज सकाळीही फोन आला. गोळी झाली, घोट ऐकू आला. आंब्याची बांधी, ती म्हणाली. टेकरावरची बांधी. मोहाची बांधी. आणि थांबली. ती हे मुद्दाम करते. आठवड्यातून एकदा तरी करते, मला छळायला, आणि मग फिदीफिदी हसते आणि मी तिला शिव्या देते. मला हे चांगलं माहीत आहे. तरी ती पुढची बांधी म्हणेपर्यंत मी फोन कानाला घट्ट दाबून उभी असते आणि तेवढ्या वेळात माझ्याच घशाखाली आवंढा उतरत नाही.

"बोडीची," बाई म्हणाली. "गिळ आता."